गोड नदीवरचा होडीवाला

"ग्वातेमालाला गेला होतात? कशाला?"

हा प्रश्न मला वर्षभरात इतक्या जणांनी विचारलाय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच माझं डोकं तापतं. दुबईत अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये विचारतात, ऑफिसच्या पँट्रीत विचारतात, भाजी घेताना विचारतात. स्वित्झर्लंडला गेलो असतो तर कोणी "कशाला" म्हणालं नसतं. बर्फात उभं राहून फोटो काढायला माणसाला कारण लागत नाही. पण मध्य अमेरिकेतल्या एका गरीब देशात, नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत अकरा दिवस राहिलो म्हटलं की लोकांना वाटतं, याच्याकडे पैसे नसतील किंवा याचं काहीतरी बिनसलं असेल. पैसे बेताचेच होते, ते मी लपवत नाही. पण बिनसलं होतं ते माझ्या वडिलांचं.

बाबांनी चाळीस वर्षं रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीवर होडी चालवली. या काठावरची माणसं त्या काठाला न्यायची, तिकडची इकडे आणायची. शाळेची पोरं, बकऱ्या, आजारी माणसं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्यांच्या दोन हातांवर. गावकऱ्यांकडून दर खेपेला पैसे घ्यायचे नाहीत, भात झोडून झालं की घरटी पायली-दोन पायल्या आमच्या अंगणात यायचं, असा आमच्याकडचा रिवाज. त्या बदल्यात पलीकडून कोणीही हाक मारली की होडी सोडायची. हातातला घास ताटात ठेवून उठलेले बाबा मी शेकडो वेळा बघितलेत. मग पूल झाला. पूल झाला ते चांगलंच झालं, मी काही पुलाच्या विरुद्ध नाही. पण त्यानंतर बाबांना कोणी हाक मारेना. आई गेली आणि मी त्यांना दुबईला घेऊन आलो.

इथे अकराव्या मजल्यावर ते खिडकीत बसायचे. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना इथल्या खाडीवर, क्रीकवर नेलं. तिथे माणसं पलीकडे नेणाऱ्या लाकडी अब्रा आहेत, त्या बघून बाबा खुलतील असं वाटलं होतं. ते बसले, पलीकडे उतरले, परत आले आणि म्हणाले, "इंजिन हाय." एवढंच. पुन्हा कधी "क्रीकवर जाऊया" म्हणाले नाहीत. हळूहळू बोलणंच कमी झालं. जेवलात का, हो. झोप लागली का, हो. माझ्या बायकोला भीती वाटायला लागली. ती नर्स आहे, असली माणसं ती रोज बघते.

एके दिवशी माझी तेरा वर्षांची मुलगी फोनवर काहीतरी बघत होती. ग्वातेमालातल्या एका हिरव्यागार नदीतून दोन मुली लाकूड कोरून केलेल्या होडीतून शाळेत चालल्या होत्या. पुढची मुलगी वल्हं मारत होती. बाबांनी फोन हातात घेतला आणि तो व्हिडिओ चार वेळा बघितला. "ही पोरगी वल्हं बरोबर धरते," ते म्हणाले. कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "घेऊन जा त्यांना तिकडे." तिला सुट्टी मिळणार नव्हती. मी, बाबा आणि मुलगी, असे तिघे जायचं ठरलं.

कागद करणं हे माझं कामच आहे. अठरा वर्षं मी इथल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कागदावर असं काही लिहायचं नाही की ज्यावर कोणी प्रश्न विचारेल, हीच माझी सगळी विद्या. गल्फमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला ती थोडीफार येते, मला जरा जास्त येते. बाबांच्या व्हिसाच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात मी "रिटायर्ड" लिहिलं. होडीवाला लिहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, कसली होडी, कुठला परवाना, कागद दाखवा. बाबा शेजारीच बसले होते. "मी रिटायर कवा झालो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाबा, असंच लिहायचं असतं." आणि पुढचा रकाना भरला.

स्वस्तातलं तिकीट म्हणजे तीन विमानं आणि मधल्या विमानतळावर खुर्च्यांवर बसून काढलेले अकरा तास. बायकोने दिलेल्या मेथीच्या ठेपल्यांवर आम्ही अर्धी पृथ्वी पार केली. पुढचा प्रवास अमेरिकेतून बाद झालेल्या शाळेच्या बसमधून. लाल-निळी रंगवलेली, टपावर केळ्यांचे घड आणि कोंबड्यांच्या टोपल्या, एका बाकावर तिघे-तिघे. कंडक्टर चालत्या बसच्या मागच्या शिडीवरून टपावर चढायचा, ते बघून बाबा पहिल्यांदा हसले. माझी पाठ मोडली होती, मुलीला उलट्या होत होत्या आणि हे सत्तरीचे गृहस्थ खिडकीतून डोकं काढून हसत होते.

नदीचं नाव रियो दुल्से, म्हणजे गोड नदी. एका मोठ्या तळ्यातून निघते आणि उंच हिरव्या कड्यांमधून वाट काढत समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी एक गाव आहे, तिथपर्यंत गाडीचा रस्ताच नाही, होडीनेच जावं लागतं. हे ऐकून बाबा म्हणाले, "रस्ता नाय? मग होडीवाला सुखात असंल." काठाकाठाने लाकडी खांबांवर उभी घरं, वर झावळ्यांचं छप्पर, प्रत्येक घराच्या पायरीला बांधलेली एक कोरीव होडी. तिला तिकडे कायूको म्हणतात. दुकानात जायचं, कायूको. चर्चमध्ये जायचं, कायूको. आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण पन्नाशीची, ठेंगणी, भरतकाम केलेला ब्लाऊज घातलेली बाई होती. जेवायला मक्याच्या भाकऱ्या आणि काळ्या राजम्याचं कालवण द्यायची. एकदा नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण दिलं, तेव्हा बाबांनी ताट पुसून खाल्लं आणि तिला मराठीत सांगितलं की कोकम असतं तर आणखी बरं झालं असतं. ती मान डोलावत राहिली.

तिसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या मुखाशी जाणारी लाँच घेतली. मोटर लावलेली लांबडी होडी, बारा-तेरा पर्यटक, आम्ही तिघे आणि सुकाणूवर एक मिशीवाला माणूस. एका रुंद वळणावर समोरून एक कायूको आली. बाई वल्हं मारत होती, पुढे गणवेशातल्या दोन मुली बसल्या होत्या. आमच्या लाँचेत एकदम कॅमेरे वर झाले. कोणीतरी ओरडलं, आणखी जवळ, आणखी जवळ. मिशीवाल्याने वेग कमी करायचा सोडून त्या कायूकोला गोल चक्कर मारली, गिऱ्हाइकांना फोटो नीट मिळावेत म्हणून. आमच्या लाटा त्या चिमुकल्या होडीवर आदळल्या. पाणी आत गेलं. बाईने वल्हं टाकलं आणि ती डब्याने पाणी उपसायला लागली. एका मुलीचं दप्तर पाण्यात पडलं. ती रडायला लागली. आणि कॅमेरे चालूच होते! बाई भेदरलेली, पोर रडतंय, आणि एक बाप्या लेन्स बदलतोय. आज आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बाबा उठून उभे राहिले. हलत्या लाँचेत, कशालाही न धरता, जमिनीवर उभे राहावेत तसे. आणि त्यांनी जो आवाज लावला तो मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. या काठावरून त्या काठाला पोचणारा तो आवाज होता.

"अरे ए! इंजिन बंद कर! बाई हाय, पोरं हायत, दिसत नाय तुला? मोठी होडी तुझी, तू थांबायचं! डोळे फुटले काय रे तुझे?"

मिशीवाल्याला मराठी यायची काही गरज पडली नाही. त्याने तत्काळ मोटर बंद केली. लाँच वाहत कायूकोजवळ गेली. बाबांनी वाकून दप्तर पाण्यातून काढलं, तिची होडी एका हाताने धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने पाणी उपसू लागले. बाई त्यांच्याशी काहीतरी बोलली, त्यांनी तिला काहीतरी सांगितलं.

आणि मी काय करत होतो? मी बाबांचा शर्ट मागून खेचत होतो. "बाबा, बसा खाली. लोक बघतायत." आणि आजूबाजूच्या त्या कॅमेरेवाल्यांना हात जोडून "सॉरी, सॉरी, ही इज ओल्ड" म्हणत होतो. अठरा वर्षांत गल्फने मला शिकवलेलं एवढंच. आवाज चढवायचा नाही, पोलीस नको, तक्रार नको, खलास, सोडून द्या. भांडण कोणाचं, चूक कोणाची, याच्याशी आपला संबंध नाही. मी माफी मागत होतो, तीही चुकलेल्या माणसांची! बाबांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग बसले.

परतीच्या वाटेवर प्रत्येक कायूको दिसली की मिशीवाला लाँच हळू करायचा आणि बाबांकडे बघायचा. बाबा मान हलवायचे. मग तो पुढे जायचा. नदीवर अशी बातमी होडीपेक्षा आधी पोचत असावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मालकिणीने बाबांना पायरीपाशी नेलं आणि आपल्या कायूकोचं वल्हं त्यांच्या हातात दिलं. येतं का, झेपेल का, वय किती, काही विचारलं नाही. मी धावत गेलो, लाइफ जॅकेट आहे का विचारायला, तोवर ते मधल्या धारेला लागले होते.

दोन तासांनी परत आले ते एका म्हाताऱ्याला घेऊन. पलीकडच्या काठावरून त्याने हाक मारली, यांनी त्याला या काठाला आणून सोडलं. कुठली भाषा, कसली भाषा! हाक ती हाक. त्यानंतरचे सहा दिवस बाबा त्या नदीवर होडीवाला होते. सकाळी आम्ही उठायच्या आत पलीकडून आरोळी यायची आणि बाबा चहाचा कप ठेवून निघायचे. पैसे कोणी दिले नाहीत, यांनी घेतलेही नसते. कोणी चार केळी द्यायचं, कोणी मासा, एका बाईने जिवंत खेकडे केळीच्या पानात बांधून दिले. रात्री जेवताना बाबा बोलायचे ते थांबायचेच नाहीत. इथली धार कशी वळते, भरती समुद्राकडून किती आत येते, अमक्या घरचा जावई कसा आळशी आहे. जावई आळशी आहे हे त्यांना कोणत्या भाषेत कळलं ते मी विचारलं नाही. माझी मुलगी रोज त्यांच्या पुढ्यात बसून जायची. "आजोबा इज लाइक, फेमस हिअर," ती मला म्हणाली.

परत आलो तेव्हा ऑगस्टची ती कुकरमधल्या वाफेसारखी हवा होती. सुट्टीवरून सगळे परतले की आमच्यात जेवणावळी सुरू होतात. अबू धाबीला अल रीम आयलंडवर माझा एक कॉलेजचा मित्र राहतो, एकतिसाव्या मजल्यावर. रविवारी दुपारी त्याच्याकडे सात-आठ कुटुंबं जमली. कोणी नॉर्वे केलं होतं, कोणी इटली. केलं म्हणतात, भांडी केली तसं. माझी पाळी आली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच तो प्रश्न, कशाला. मला ते सहन होईना. मला त्यांना हसवायचं होतं, म्हणजे मग ते मला हसणार नाहीत. म्हणून मी लाँचेची गोष्ट सांगितली. सांगताना बाबांची नक्कल केली. "डोळे फुटले काय रे तुझे!" आणि मुलीचा फोन घेऊन तिने लाँचेत काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला.

हशा पिकला. "काका एकदम फुल फॉर्ममध्ये!" "भाई, तिकडे जाऊन मच्छी मार्केट!" "यल्ला, परत लाव, परत लाव!" व्हिडिओत माझा हात बाबांचा शर्ट खेचताना दिसत होता, त्यावर तर सगळे आणखी हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. त्या कॅमेरेवाल्यांवर मी इतका चिडलो होतो ना? आता माझ्याच हातात रिमोट होता.

बाबा कोपऱ्यातल्या सोफ्यावर होते. शेंगदाण्याची सालं काढून वाटीत ठेवत होते. वर बघितलंच नाही त्यांनी.

मुलगी उठून टीव्हीसमोर उभी राहिली. "व्हाय आर यू ऑल लाफिंग? ही वॉज राइट! दॅट गर्ल कुड हॅव ड्राउन्ड!" मित्राची बायको म्हणाली, "अगं, गंमत चाललीय, चिल." मुलीने टीव्ही बंद केला. मग कोणीतरी आइस्क्रीम आणलं आणि विषय संपला. गाडीत दुबईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बाबा मात्र नेहमीसारखे बोलले. रस्ता मोकळा हाय, म्हणाले.

त्या दिवसापासून ते पुन्हा खिडकीत बसू लागले. जेवलात का, हो. झोप लागली का, हो. मला कळत होतं. कळत असूनही मी माफी मागितली नाही. जगभरच्या परक्यांना सॉरी म्हणणारी माझी जीभ घरात काही उचलली नाही. त्याऐवजी मी बुकिंग केलं. माणूस असाच असतो, निदान मी तरी असाच आहे.

डिसेंबरात हवा छान झाल्यावर मी त्यांना आणि मुलीला अबू धाबीच्या खारफुटीत कयाक चालवायला घेऊन गेलो. शनिवारची सकाळ, पाणी शांत, हिरवी झाडं पाण्यात उतरलेली. गाडीतून उतरल्यावर बाबा झाडांकडे बघत म्हणाले, "तिवरं हायत ही. आपल्याकडचीच." त्यांचा चेहरा थोडा सैलावला आणि मला वाटलं, झालं, सुटलो. काउंटरवर रांग होती. तिथल्या मुलीने टॅबवर फॉर्म उघडून दिला. नाव, वय, आजार, सही. पाण्यावरचा अनुभव या रकान्यावर माझं बोट थांबलं. तीन पर्याय होते. नाही, थोडा, भरपूर. भरपूर लिहिलं तर प्रमाणपत्र मागतील का, या वयाचा माणूस बघून नकोच म्हणतील का, मागचे लोक खोळंबलेत, असले हिशेब माझ्या डोक्यात सवयीने सुरू झाले.

तेवढ्यात तिने थेट बाबांनाच विचारलं, "अंकल, पहले कभी बोट चलाया है?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग तिला म्हणाले, "नहीं मॅडम. कभी नहीं."

तिने माझ्या हातून टॅब घेऊन "नाही"वर टिक केली आणि पुढच्याला बोलावलं. मला ओरडायला हवं होतं. चाळीस वर्षं, बाई, चाळीस वर्षं, भरतीत, ओहोटीत, बाळंत व्हायला निघालेल्या बायका घेऊन! मी आवाज लावायला हवा होता तो तिथेच. मी पावती घेतली आणि बाजूला झालो.

मुलगी एकटीच्या कयाकमध्ये होती. बाबांना आणि मला दोघांची दिली. नवख्यांनी पुढे बसायचं, असं शिकवणाऱ्या बाईने सांगितलं. तिने बाबांच्या अंगात नारिंगी जॅकेट अडकवलं, पट्टे आवळले आणि वल्हं कसं धरायचं ते त्यांची बोटं एक-एक करून धरून शिकवलं. बाबा प्रत्येक वेळी "येस मॅडम" म्हणत होते. मी म्हणेपर्यंत मारू नका, असंही तिने सांगितलं. मग आम्ही निघालो.

ओहोटी लागलेली होती. पहिल्याच वळणावर धारेने आम्हाला आडवं केलं. मी डावीकडे मारलं, कयाक उजवीकडे गेली. उजवीकडे मारलं, तर गोल फिरून मुळांत घुसली. फांद्या तोंडावर आल्या. पुढे बाबांची पाठ मला दिसत होती, ताठ, न हलणारी. वल्हं मांडीवर आडवं ठेवलेलं. कुठे मारायचं, किती मारायचं, हे त्यांना पहिल्या क्षणापासून कळत होतं आणि ते गप्प बसले होते.

"बाबा!" मी म्हटलं.

त्यांनी मान थोडी वळवली.

"मारू काय रे?" त्यांनी हळूच विचारलं. "कोण काय बोलणार नाय ना?"

"मारा, बाबा," मी दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा कुठे त्यांना ऐकू गेलं. त्यांनी वल्हं उचललं. पण पाण्यात घालायच्या आधी त्यांनी मागे वळून बघितलं, ती शिकवणारी बाई आपल्याकडे बघत नाही ना म्हणून.